कापण्याआधी धुण्याची वाट

मूल कपाटाआड जातं, टाचा उचलून, मांड्या आवळून उभं राहतं, चेहरा लालबुंद होतो. घरच्यांना वाटतं, बिचारं किती कुंथतंय. बहुतेक वेळा ते कुंथत नसतं. आलेली शी मागे रेटत असतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी मूल टाळाटाळ करतं, अडकलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा आणखी कडक होतो आणि पुन्हा दुखतं. महिनोन्‌महिने हे चाललं की गुदाशय ताणून सैलावतो, भरल्याची जाणीव बोथट होते आणि साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ चड्डीत झिरपतो. त्याला कुणी जुलाब म्हणतं, कुणी आळस. जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मुलांपैकी 90 टक्क्यांहून अधिक मुलं याच प्रकारची: आतड्याची घडण शाबूत, चक्र बिघडलेलं. अशा मुलाचं आतडं एक्स-रेमध्ये कितीही फुगलेलं दिसलं, तरी चाकूची घाई नको. आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर आतडं कापण्याआधी ते धुण्याची सोय करून पाहावी, असं माझं मत आहे.

फुगलेलं आतडं डॉक्टरांनाही फसवतं. हाराल्ड हिर्शस्प्रुंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञांनी 1886 मध्ये बर्लिनला अशी दोन बाळं वैद्यकविश्वापुढे मांडली. पुढे कित्येक दशकं फुगलेला भाग हाच रोग समजून तो कापला जाई, आणि दुखणं परत येई. ऑर्व्हर स्वेन्सन यांनी 1948 मध्ये दाखवलं, की दोष त्याच्या खालच्या, दिसायला साळसूद अशा भागात आहे. तिथे चेतापेशीच नसल्याने आतडं सैल पडत नाही. वरचा भाग फुगतो तो केवळ तुंबल्यामुळे. तो खालचा तुकडा काढून निरोगी आतडं गुदद्वाराशी ओढून जोडायचं, हाच आजही उपचाराचा गाभा. साधारण 5,000 जन्मांत एखाद्या बाळाला हा आजार असतो. जन्मानंतर 48 तासांत काळी शी झाली नाही, तर शंका घ्यायची आणि गुदाशयाचा कण तपासून खात्री करायची. इथे शस्त्रक्रियेला पर्याय नाही. इथे थांबणं हाच धोका.

पण चेतापेशी जागेवर आहेत, औषधं पुरेशा मात्रेत आणि पुरेसे महिने देऊन झाली, तरी मूल तुंबलेलंच, अशी मोजकी मुलं उरतात. (अर्धवट दिलेलं औषध ‘लागू पडलं नाही’ म्हणून सोडून देणं हा वेगळाच रोग आहे.) त्यांच्यासाठी साउदॅम्प्टनचे शल्यविशारद पॅट्रिक मॅलोन यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. एरवी काढून टाकण्यासाठीच ओळखलं जाणारं अपेंडिक्स त्यांनी पोटाच्या त्वचेपर्यंत आणलं. बेंबीत किंवा उजवीकडे बारीकसं तोंड राहतं. मूल संडासात बसतं, त्यातून नळी सरकवतं आणि मिठाचं पाणी सोडतं; 20 किलोच्या मुलाला साधारण 200 ते 400 मिली. पाणी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून खाली येत मळ वाहून नेतं. खालून एनिमा देताना होणारी झटापट संपते.

पोटाला भोक पाडणं क्रूर नाही का, असं आईबाप विचारतात. प्रश्न रास्त आहे. ते तोंड आकसतं, कधी पाझरतं, आणि पाण्याचं प्रमाण जुळायला आठवडे जातात. पण गरज संपली तर ते बंद करता येतं. कापलेलं आतडं परत लावता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की रेंगाळणारा भाग कायमचा काढून टाकला तर रोजची कटकटच नको. काही मुलांना त्याचा उपयोग होतो, हे मान्य. आतड्याच्या हालचालीचा दाब मोजून एखादा भाग खरोखर निपचित आढळला आणि धुऊनही भागलं नाही, तर कापावं. मात्र जास्त कापलं, की काही मुलांची शी आवरेनाशी होते, आणि शाळेतल्या मुलाला ते तुंबण्यापेक्षा जड जातं.

सगळ्यात व्यवहारी अडचण पुस्तकात क्वचितच ठळक दिसते. एकदा धुवायला अर्धा-पाऊण तास लागतो. चाळीतल्या सामायिक संडासाबाहेर सकाळी बादल्यांची रांग लागलेली असताना हे कसं जमायचं? तिथे संध्याकाळची वेळ ठरवावी लागते, शेजाऱ्यांना सांगावं लागतं. घरी संडास आहे का, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या तारखेआधी विचारलेला बरा.