काउंटीची सरासरी काय झाकते?

काउंट्यांचे तक्ते आपण आत्ता पाहिले. पण मंडळी, सरासरी ही मोठी लबाड गोष्ट असते. टेक्सासमधली बेक्सार काउंटी घ्या. (लिहितात बेक्सार, म्हणतात बेअर!) सॅन अँटोनिओ शहर तिच्यातच आहे. १९६७-६८ साली या एकाच काउंटीतल्या एजवुड शालेय जिल्ह्यात दर मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत, अलामो हाइट्समध्ये ५९४.

मग एजवुडवाले कर द्यायला कुचराई करत होते का? उलट आहे. शंभर डॉलरच्या मालमत्तेवर ते १.०५ डॉलर कर देत, श्रीमंत अलामो हाइट्स ०.८५. पण एजवुडमध्ये मुलामागे करपात्र मालमत्ताच ५,९६० डॉलरची. तिकडे ४९,०००च्या वर. राज्याच्या योजनेतला वाटा वगळला, तर जास्त दराने कर देऊन स्थानिक हाती पडले २६ डॉलर आणि कमी दराने ३३३!

पालक कोर्टात गेले. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. एक मुद्दा असा, की पैशाने गुणवत्ता वाढते हे वादग्रस्त आहे. ही शंका अगदीच पोकळ नव्हती. १९६६च्या कोलमन अहवालात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचं पारडं जड निघालं होतं. पण न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी भिन्नमतात नेमकं विचारलं: पैशाने फरक पडत नसेल, तर श्रीमंत जिल्हे ही पद्धत टिकवायला एवढे का झटताहेत?

एजवुड पुन्हा लढलं, या वेळी राज्याच्या घटनेच्या आधाराने. १९८९ साली टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत एकमताने घटनाबाह्य ठरवली.