श्रमाची मैत्री

एका देशातील माणसांना दुसऱ्या देशातील माणसांची ओळख कशी होते? व्यापारी माल घेऊन परदेशी जातात, प्रवासी प्रेक्षणीय स्थळे पाहून येतात, विद्यार्थी ग्रंथ वाचतात. आणि दुर्दैवाने कधीकधी सैनिक शस्त्रे घेऊन परस्परांसमोर उभे राहतात. या सर्व ओळखी अपुऱ्या असतात. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक दिसते, प्रवाशाला इमारती दिसतात, सैनिकाला शत्रू दिसतो. समोरचा माणूस काय खातो, कशाने हसतो आणि कशाने दुखावतो, हे त्यांपैकी कोणालाही पुरते कळत नाही. ते कळावे म्हणून गेल्या शंभर वर्षांत एक साधा मार्ग रूढ झाला आहे. निरनिराळ्या देशांतील तरुणांनी एखाद्या गरजू गावी एकत्र जमावे, तेथे काही आठवडे राहावे आणि मजुरी न घेता त्या गावाचे एखादे काम करावे. या उपक्रमाला आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर असे म्हणतात. श्रमदान हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. श्रमशिबिर म्हणजे देशांच्या सीमा ओलांडून केलेले श्रमदानच होय.

या उपक्रमाचा उगम एका भयंकर युद्धानंतर झाला. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ अशी चार वर्षे चालले. फ्रान्समधील व्हर्दँ या शहराभोवती १९१६ साली फ्रेंच आणि जर्मन सैन्ये सुमारे दहा महिने झुंजत होती. तोफगोळ्यांच्या माऱ्याने तेथील भूमी खड्ड्यांनी भरून गेली. घरे, झाडे, रस्ते, विहिरी, काही म्हणता काही उरले नाही. काही खेडी तर पुन्हा वसलीच नाहीत. युद्ध थांबले, तह झाले. परंतु फ्रेंच आणि जर्मन माणसांच्या मनांतील वैर तसेच धुमसत राहिले.

त्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये पियेर सेरेसोल नावाचे एक इंजिनियर होते. त्यांचा जन्म १८७९ सालचा. त्यांचे वडील पूर्वी त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. घरची प्रतिष्ठा मोठी, शिक्षण उत्तम. तरीही सेरेसोल यांनी सुखाचा मार्ग धरला नाही. युद्धाला साहाय्य करणे त्यांच्या विवेकबुद्धीला पटत नव्हते. म्हणून लष्करी सेवेच्या बदल्यात द्यावा लागणारा कर त्यांनी नाकारला आणि त्यासाठी कारावास सोसला. महायुद्धानंतर शांततेचा पुरस्कार करणाऱ्या लोकांची एक परिषद नेदरलँड्समध्ये भरली होती. तेथे एका जर्मन गृहस्थाने आपली व्यथा सांगितली. त्याच्या भावाने सैनिक म्हणून फ्रान्समधील विध्वंसात भाग घेतला होता. जे मोडले ते पुन्हा उभारण्यासाठी आपले हात लागावेत, अशी त्याची इच्छा होती. ही गोष्ट सेरेसोल यांच्या मनाला भिडली. शांततेवर भाषणे पुष्कळ झाली, आता काम झाले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

१९२० साली हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी एक छोटी तुकडी जमवली आणि व्हर्दँजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात काम सुरू केले. या तुकडीत निरनिराळ्या देशांचे लोक होते. आणि विशेष म्हणजे त्यांत जर्मन माणसेही होती. सेरेसोल यांचे बंधू अर्नेस्ट हे सैन्यात कर्नल होते. युद्धाविषयी दोघा भावांची मते भिन्न होती. तरीही अर्नेस्ट या कामात पियेर यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. या लोकांनी खड्डे बुजवले, रस्ते नीट केले, बेघर झालेल्या कुटुंबांसाठी लाकडी निवारे उभारले. कालपर्यंत ज्या भूमीवर जर्मन माणूस बंदूक घेऊन आला होता, त्याच भूमीवर तो आता फावडे घेऊन आला होता.

हे काम फार दिवस चालू शकले नाही. काही महिन्यांनी, जर्मन माणसे येथे नकोत, असे अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले. ज्यांची मुले रणांगणावर पडली होती, त्यांची जखम अजून ओली होती. त्यांना दोष तरी कसा द्यावा? परंतु जर्मन सोबत्यांना दूर सारून काम चालू ठेवणे म्हणजे ज्या हेतूने काम आरंभले त्यालाच तिलांजली देणे होय, हे तुकडीने ओळखले. १९२१ साली तिने आपला मुक्काम हलवला. पहिला प्रयत्न असा अर्ध्यावरच थांबला. तथापि, शत्रू मानलेली माणसे एका छपराखाली राहू शकतात आणि एकच भिंत मिळून बांधू शकतात, हे त्या थोड्या महिन्यांत सिद्ध झाले होते. या कार्यातून जी संस्था उदयास आली, ती सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल होय. मोडलेली तलवार आणि तिच्यावर फावडे, हे तिचे बोधचिन्ह आहे.

पुढे काही वर्षांनी या कार्याला मोठे यश लाभले. ऱ्हाइन नदीच्या काठी लिश्टेनश्टाइन नावाचा एक चिमुकला देश आहे. १९२७ साली नदीने बांध फोडला आणि शेतांवर गाळ व दगडगोट्यांचे थर साचले. एवढ्या लहान देशाने ते कसे उपसावे? १९२८ साली निरनिराळ्या देशांतून सातशेहून अधिक स्वयंसेवक तेथे पाळीपाळीने आले. त्यांत विद्यार्थी होते, कामगार होते, शिक्षक होते; स्त्रियाही होत्या. वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत त्यांनी टोपल्या आणि गाड्या भरभरून दगड हलवले. शेते पुन्हा नांगराखाली आली. ज्यांना परस्परांची भाषाही येत नव्हती, अशी माणसे या कामात सोबती बनली.

या कार्याचा आपल्या देशाशीही जवळचा संबंध आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ येथे प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जमिनीला भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू वर आली व पिकाऊ शेतांवर पसरली. जमिनीची ठेवण बदलल्यामुळे अनेक खेड्यांना पुराचा धोका वाढला. सेरेसोल यांची महात्मा गांधींशी १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये भेट झालेली होती. भूकंपाची वार्ता कळताच ते भारतात आले. पुढील तीन वर्षांत ते आणि त्यांचे मूठभर सहकारी बिहारमध्ये पुनर्वसनाच्या कामात राबले. पुराने वेढल्या जाणाऱ्या खेड्यांतील लोकांसाठी उंच जागी नवी घरे उभारणे, हे त्यांचे मुख्य काम होते. सेरेसोल यांचे वय तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. तो इंग्रजी राज्याचा काळ होता. गोरा माणूस म्हणजे हुकूम सोडणारा साहेब, हेच दृश्य खेडुतांच्या डोळ्यांना सरावाचे होते. तोच गोरा माणूस उन्हातान्हात मातीत उभा राहून राबताना पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी!

महाराष्ट्रातही अशी एक घटना घडलेली आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन ही वसाहत स्थापन केली. कुष्ठरोगाविषयी त्या वेळी समाजात फार भीती होती. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. परंतु त्या काळी रोग्याला घरचेही जवळ करीत नसत. आनंदवनात पिकलेला भाजीपाला विकत घेण्यासही लोक कचरत. १९५० नंतरच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे अनेक देशांतील तरुण-तरुणी आनंदवनात आले. ते तेथे राहिले, तेथले अन्न जेवले आणि इमारतींच्या बांधकामात राबले. दूरदेशीची ही माणसे रोग्यांच्या वसाहतीत निर्धास्त राहतात, हे पाहून गावातील लोकांची पावले हळूहळू आनंदवनाकडे वळू लागली. त्या तरुणांनी भिंती उभारल्या हे खरेच. पण भीतीची एक जुनी भिंत त्यांच्या हातून नकळत खाली आली.

आता अशा शिबिराची रीत पाहू. साधारणपणे दहा ते वीस स्वयंसेवक दोन-तीन आठवडे एकत्र राहतात. प्रवासखर्च बहुधा ज्याचा त्याने करावयाचा असतो. राहण्या-जेवण्याची व्यवस्था यजमान संस्था करते. व्यवस्था म्हणजे पाहुणचार नव्हे. शाळेच्या वर्गात किंवा तंबूत अंथरूण घालावे लागते आणि स्वयंपाक, झाडलोट, भांडी घासणे ही कामे सर्वांना पाळीने येतात. दिवसातील पाच-सहा तास ठरलेले काम चालते. कोठे पाऊलवाट दुरुस्त करावयाची असते, कोठे झाडे लावावयाची असतात, कोठे समुद्रकिनाऱ्यावरील कचरा उचलावयाचा असतो, तर कोठे शाळेच्या भिंती रंगवावयाच्या असतात. सायंकाळी गप्पा, गाणी आणि चर्चा होतात. बहुतेक शिबिरांत अठरा वर्षांवरील तरुणांना प्रवेश मिळतो.

या कामाला काही पथ्ये आहेत आणि ती पाळली नाहीत तर उपकाराऐवजी अपकार होतो. गावाने बोलावल्याशिवाय जाऊ नये. गावाला काय हवे, हे गावानेच ठरवावे. ज्या कामावर तेथील मजुरांची भाकरी अवलंबून आहे, ते काम फुकट करून त्यांच्या तोंडचा घास काढू नये. जे काम आपल्याला येत नाही, ते येते असे दाखवू नये. जाणत्या गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणे हे वाकडी भिंत बांधण्यापेक्षा केव्हाही चांगले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण कोणाचा उद्धार करण्यासाठी आलो आहोत, हा अहंकार मनात ठेवू नये.

या अहंकाराचे काय होते, हे शिबिरातच कळून येते. समजा, महाविद्यालयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणारा एखादा तरुण अशा शिबिरास गेला. पहिल्याच दिवशी त्याच्या हाताला फोड येतात. शेजारी गावातली एखादी वृद्ध स्त्री त्याच्या दुप्पट वेगाने माती ओढत असते. कुदळ कशी धरावी, हे ती त्याला खुणेने दाखवते. ज्ञान फक्त पुस्तकांत नसते, हे तो त्या क्षणी शिकतो. घरी जेवून उठल्यावर स्वतःचे ताट उचलण्याची त्याला सवय नसेल, तर येथे पंधरा जणांची भांडी त्याची वाट पाहत असतात. कामाची पाळी चुकवली, तर ती दुसऱ्या कोणावर तरी पडते, हेही त्याला दिसते.

भाषेची अडचण हाही एक गुरूच होय. बोलायला शब्द कमी असले की माणूस समोरच्याचा चेहरा नीट न्याहाळतो, दुसऱ्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबतो आणि न समजल्यास पुन्हा विचारतो. एरव्ही आपण किती वेळा असे ऐकतो? तसेच, परके सोबती त्याला शेकडो प्रश्न विचारतात. तुमच्याकडे पावसाची एवढी वाट का पाहतात? तुमच्या खेड्यात विहिरीवर सर्वांना पाणी भरता येते काय? तुमच्या घरी स्वयंपाक नेहमी आईनेच का करावा? काही प्रश्नांची उत्तरे तो अभिमानाने देतो. काहींची उत्तरे देताना त्याची मान खाली जाते. आपल्या घराचे गुण आणि दोष दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून पाहिल्यावर अधिक स्पष्ट दिसतात. म्हणूनच असा तरुण परतल्यावर आपल्या देशाकडे अधिक प्रेमाने आणि अधिक डोळसपणे पाहू लागतो.

शिबिरात भांडणे होत नाहीत, असे मात्र समजू नये. एकाला पहाटे उठण्याची सवय, दुसऱ्याला उशिरा. एकाला तिखट हवे, दुसऱ्याला ते सोसत नाही. एखाद्याचे थट्टेचे बोलणे दुसऱ्याच्या जिव्हारी लागते. परंतु सायंकाळपर्यंत बांध पुरा करावयाचा असतो आणि एकट्याने तो पुरा होणार नसतो. त्यामुळे रुसवा सोडावा लागतो, क्षमा मागावी लागते, कधी आपला हट्ट मागे घ्यावा लागतो. मन मोठे होणे म्हणतात ते यालाच.

एवढे सारे असूनही जगातील युद्धे थांबली काय? नाही. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले आणि पहिल्याहूनही अधिक संहार झाला. ते युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ साली, सेरेसोल यांचे निधन झाले. परंतु त्यांचे कार्य मागे पडले नाही. युरोपातील उद्ध्वस्त गावांत पुन्हा फावडी घेतलेले तरुण दिसू लागले. १९४८ साली युनेस्कोच्या पुढाकाराने अशा स्वयंसेवी संस्थांच्या समन्वयासाठी एक समितीही स्थापन झाली. मूठभर माणसांचे फावडे तोफांना थांबवू शकत नाही; पण ज्याने एकदा परक्या देशातील सोबत्याबरोबर एका ताटात भाकरी मोडली, त्याला त्या देशातील सर्व माणसे वाईट आहेत असे पुन्हा कोणी सहज पटवून देऊ शकत नाही.

मुलांनो, तुमचे वय अजून लहान आहे. परदेशातील शिबिरास जाण्याची संधी तुम्हांपैकी काहींना पुढे मिळेल, काहींना मिळणार नाही. परंतु या कार्याचा आरंभ परदेशात करावा लागत नाही. शाळेत नव्याने आलेला, आपली भाषा नीट न येणारा एखादा मुलगा एका कोपऱ्यात एकटाच बसला असेल. शाळेच्या बागेत वाफे करावयाचे असतील, तेव्हा त्याला हाक मारा, त्याच्या हाती खुरपे द्या आणि त्याच्या शेजारच्या वाफ्यात तुम्ही काम करा.