डेबिट म्हणजे पैसे आले की गेले? बँकेतले फसवे इंग्रजी शब्द



मे महिना संपत आला की बँकेच्या रांगेत एक बोलणं हमखास ऐकू येतं. मोबाईल पुढे करून एखादी ताई म्हणते, "पाहा बरं बाई, प्रधानमंत्रीनं ४३६ रुपये टाकले म्हंते खात्यात." मेसेजमध्ये विम्याचं नाव असतं, आकडा असतो आणि मधे एकच इंग्रजी शब्द असतो: डेबिट.

पैसे आलेले नसतात, गेलेले असतात. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता असतो. त्यातून १ जून ते ३१ मे असा वर्षभर २ लाखांचा विमा चालू राहतो. याच सुमारास २० रुपये गेले, तर तो सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा.

पैसे आले असं समजणारी ताई ते हिशेबात धरते. चोरीला गेले असं समजणारी विमाच बंद करायला सांगते. आणि ज्या घरात हा मेसेज कोणी वाचलाच नाही, तिथं माणूस गेल्यावर दाव्याचा अर्जसुद्धा होत नाही. एका शब्दात २ लाख रुपये अडकलेले असतात ते असे.

आपल्याला इंग्रजी बोलायला शिकायचं नाही. बँकेत ज्या शब्दांची गल्लत होते, अशा पाच जोड्या ओळखल्या तरी पुष्कळ झालं.

१. क्रेडिट आणि डेबिट

बचत खात्याच्या पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावे. जागा कमी असली की बँक दोनच अक्षरं छापते: सी-आर म्हणजे जमा, डी-आर म्हणजे नावे.

गोंधळ पुढे होतो, कारण क्रेडिट म्हणजे उधारीसुद्धा. डेबिट कार्डाने आपल्याच खात्यातले पैसे निघतात. क्रेडिट कार्डाने बँकेचे पैसे खर्च होतात आणि ते फेडावे लागतात. समूहाचं 'कॅश क्रेडिट' खातंही कर्जाचंच असतं. त्यात २ लाखांची मर्यादा मंजूर झाली म्हणजे समूहाला २ लाख मिळाले असं नाही. जेवढे उचलाल तेवढ्यावर व्याज. त्या खात्यात शिलकीपुढे डी-आर दिसलं, तर ती शिल्लक नाही, समूहाचं देणं आहे.

२. पे आणि रिसीव्ह

पे म्हणजे देणे, रिसीव्ह म्हणजे घेणे. पापड-लोणच्याची ऑर्डर देतो म्हणणारा फोनवर सांगतो, "ताई, मी कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील." स्क्रीनवर मात्र 'पे' लिहिलेलं असतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, एवढं पक्कं धरा. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

३. आउटस्टँडिंग आणि ओव्हरड्यू

पोराच्या प्रगतिपत्रकावर आउटस्टँडिंग आलं की आपण पेढे वाटतो. कर्जाच्या कागदावर त्याचाच अर्थ 'अजून फेडायची बाकी' असा होतो. समूहाने ३ लाख घेतले आणि १ लाख मुद्दल फेडली, तर २ लाख आउटस्टँडिंग. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हप्ते वेळेवर चालू असतील तर खातं चांगलंच आहे.

घाबरायचं ते ओव्हरड्यू शब्दाला. म्हणजे तारीख गेली आणि हप्ता भरला नाही, थकबाकी झाली. ही थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की बँक खातं बुडीताकडे धरते. मग व्याजाची सवलत जाते आणि पुढचं कर्ज अडतं. एकीचा हप्ता राहिला तरी नाव साऱ्या समूहाचं खराब होतं.

त्याच कागदावर 'प्रिन्सिपल' दिसेल. ते शाळेतले प्राचार्य नव्हेत, ती कर्जाची मुद्दल आहे.

४. नॉमिनी आणि गॅरंटर

दोन्हीकडे दुसऱ्याचं नाव लागतं, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. पण नॉमिनी म्हणजे खातेदार गेल्यावर बँक ज्याच्या हाती पैसे देते तो. गॅरंटर म्हणजे जामीनदार. कर्ज घेणाऱ्याने फेडलं नाही, तर बँक जामीनदाराच्या दारी येते. "नुसतं नाव टाकायचं हाय वहिनी, करा सही," असं कोणी म्हटलं तर आधी विचारा, नॉमिनी म्हणून की गॅरंटर म्हणून?

नॉमिनी झाला म्हणून तो साऱ्या पैशाचा मालक होत नाही. वारसांचा हक्क कायम राहतो. तरी पैसे आधी त्याच्याच हाती जातात, म्हणून घरातल्या प्रत्येक खात्याला कोणाचं नाव आहे ते पाहून घ्या. लग्नाआधी उघडलेल्या खात्यात जुनंच नाव राहून गेलेलं असतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात.

५. लोन आणि लीन

कानाला जवळपास एकच. लोन म्हणजे कर्ज. लीन म्हणजे खात्यातल्या पैशावर बँकेने लावलेली अडवणूक. पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत. दीनदयाळ अंत्योदय योजनेत समूहाला १० लाखांपर्यंत कर्ज देताना तारण मागू नये, समूहाच्या बचत खात्यावर लीन लावू नये आणि ठेव ठेवण्याचा आग्रह धरू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या समूहाच्या बचतीवर अशी अडवणूक दिसली, तर अध्यक्ष-सचिवांनी बँकेत लेखी विचारावं आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.

येत्या बैठकीत एवढं करा

बचत गोळा झाली की समूहाच्या पासबुकाचं शेवटचं पान एका सखीने मोठ्याने वाचावं. प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी सांगावं: आले की गेले? जे कळलं नाही ते वहीत लिहून बँक सखीला विचारावं. नोंदी अद्ययावत ठेवणं हे आपल्या पंचसूत्रातलं पाचवं सूत्र आहे. पण ती वही एकट्या लेखापालालाच वाचता येत असेल, तर ते सूत्र अर्धंच पाळलं गेलं.

आणि कागदावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचाराच: यात पैसे येणार की जाणार? फेडायचे झाले तर कोणी फेडायचे? साहेब घाईत असले तरी विचारा. सही आपली आहे, घाई त्यांची आहे.