सॅरिडॉनचा मालक कोण? औषध कंपन्या एकमेकींना विकत का घेतात

कामोठ्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये डोकेदुखीवर सॅरिडॉन मागून बघा. ही गोळी मूळची स्विस कंपनी रोशची. १९९३ मध्ये मुंबईच्या पिरामल ग्रुपने रोशची भारतातली कंपनी विकत घेतली आणि गोळी त्यांच्याकडे आली.

पिरामल आधी कापडाच्या धंद्यातले. १९८८ मध्ये त्यांनी निकोलस लॅबोरेटरीज घेतली आणि मग एकेक परदेशी कंपनी घेत गेले. कारण साधं आहे. नवा ब्रँड डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यायला वर्षं जातात. चालती कंपनी घेतली की ब्रँड, एमआरची फौज आणि डॉक्टरांशी ओळख, सगळं एकदम मिळतं. दरवेळी विकतच घ्यावं लागतं असंही नाही. डोळ्यांच्या औषधांसाठी पिरामलने अमेरिकेच्या अ‍ॅलर्गनसोबत भागीदारीत कंपनी काढली. हेच जॉइंट व्हेंचर.

गंमत म्हणजे २०१० मध्ये पिरामलनेच भारतातला प्रिस्क्रिप्शनच्या औषधांचा धंदा अमेरिकेच्या अ‍ॅबटला विकायचं ठरवलं, तेही ३७२ कोटी डॉलरला. वर्षाच्या विक्रीच्या जवळपास नऊपट! सॅरिडॉन मात्र स्वतःकडेच ठेवली.

यात आपलं काय जातं? एकाच आजारावरची दोन स्पर्धक औषधं एकाच मालकाकडे गेली, तर त्याला भाव कमी ठेवायची गरज उरत नाही. म्हणूनच मुंबईची सन फार्मा रॅनबॅक्सीला विकत घेत होती, तेव्हा भारतीय स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०१४ मध्ये अट घातली: आधी सात औषधं दुसऱ्या कंपनीला विका. ती पुण्याच्या एमक्युअरने घेतली.