वादळात छप्पर उडाले, तर घराच्या विम्याचा दावा कसा करावा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची कौले आणि पत्रे उडाले. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली आणि पावसाळा तोंडावर होता. अशा वेळी मिळेल त्याने घर झाकणे हेच पहिले काम असते. पण घराचा विमा असेल, तर त्याच्याही आधी पाच मिनिटांचे एक काम करा : नुकसानीचे फोटो काढा. छप्पर दुरुस्त झाल्यावर नुकसान किती होते, हे दाखवणे अवघड जाते.

तुमच्या घराचा विमा आहे का?

बँक खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जात असतील, तर तो अपघात विमा आहे (प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना). ४३६ रुपये कापले जात असतील, तर तो जीवन विमा आहे (प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना). पीक विमा फक्त पिकाचा असतो. या तिन्हींतून छपराचे पैसे मिळत नाहीत.

घरासाठी वेगळी पॉलिसी लागते. तुम्ही गृहकर्ज घेतले असेल, तर कर्जाची कागदपत्रे पाहा किंवा बँकेत विचारा. अनेकदा कर्ज देतानाच घराचा विमा काढलेला असतो आणि घरच्यांना तो माहीत नसतो. मात्र कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा विमा वेगळा, हे लक्षात ठेवा.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. विमा कंपनी कोणतीही असो, तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणे, दरड कोसळणे यांमुळे झालेले नुकसान तिच्यात येते. घराबरोबर पडवी, कुंपणाची भिंत आणि फाटकही धरले जाते. घराचा विमा असेल, तर घरातील सामानालाही विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण असते.

पंचनामा आणि विमा : दोन वेगळी कामे

तलाठी पंचनामा करतात तो सरकारी मदतीसाठी. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मदत आहे. विम्याची भरपाई पॉलिसीच्या अटींप्रमाणे, दुरुस्तीच्या खर्चावर ठरते. पंचनामा झाला म्हणून विमा कंपनीला आपोआप कळत नाही. दोन्हीकडे स्वतः कळवा. पंचनाम्याची प्रत मात्र मागून घ्या, ती विम्याच्या दाव्यालाही जोडता येते.

पहिल्या दोन दिवसांत काय करावे?

१. विजेच्या तारा तुटल्या असतील, तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या छपरावर चढू नका.

२. फोटो आणि व्हिडिओ काढा : घर बाहेरून, उघडे पडलेले छप्पर, मोडलेले वासे, आतले भिजलेले सामान. पडलेले झाड हलवण्याआधी त्याचाही फोटो घ्या.

३. मग ताडपत्री टाका. सर्व्हेअर येईपर्यंत घर उघडे ठेवायचे नसते. नुकसान वाढू न देणे ही तुमचीच जबाबदारी मानली जाते. ताडपत्रीची आणि मजुरीची पावती जपून ठेवा.

४. फुटलेली कौले, वाकलेले पत्रे, भिजलेल्या वस्तू लगेच फेकू नका. एका बाजूला रचून ठेवा.

५. विमा कंपनीला लगेच कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. रेंज नसेल, तर ती येताच फोन करा. विमा बँकेमार्फत असेल, तर शाखेत लेखी अर्ज देऊन पोचही घ्या.

दाव्याचा अर्ज आणि सर्व्हेअर

नुकसान पहिल्यांदा लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत दाव्याचा अर्ज द्यायचा असतो. सोबत पॉलिसीची प्रत, फोटो, पंचनाम्याची प्रत, सुताराने किंवा गवंड्याने दिलेला खर्चाचा अंदाज, बिले, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. खर्चाच्या अंदाजात ‘छप्पर दुरुस्ती’ एवढेच नको. पत्रे किती, कौले किती, वासे किती, मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून घ्या.

सर्व्हेअर पाहणीला येईल तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाने हजर राहावे. जुनी गळती वादळाच्या नावावर सांगू नका. वर्षानुवर्षांच्या झिजेची भरपाई मिळत नाही आणि खोट्या माहितीमुळे खरा दावाही अडचणीत येतो.

घर भाड्याचे किंवा सरकारी असेल तर

छप्पर ज्याच्या मालकीचे, त्याचा विमाही त्यानेच काढायचा. सरकारी वसाहतीत राहत असाल, तर छपराची तक्रार तिची देखभाल करणाऱ्या विभागाकडे करावी लागते. तुम्ही विमा काढू शकता तो तुमच्या सामानाचा. खाजगी भाडेकरूंनाही हेच लागू आहे : छपरासाठी घरमालकाला लेखी कळवा.

दावा नाकारला किंवा रक्कम कमी दिली तर

कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

एका महिन्यात उत्तर मिळाले नाही, किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत ही तक्रार करायची असते.

आजच करून ठेवण्यासारखे : छपराचा आणि घराच्या चारही बाजूंचा एकेक फोटो काढा. पॉलिसीच्या पहिल्या पानाचाही फोटो काढा. हे सगळे गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. कागद भिजले, तरी पुरावा राहील.