नावं वाचत चला: उरण तालुक्यातल्या तीन पायी फेऱ्या

उरण: उरण म्हटलं की बाहेरच्या माणसाला कंटेनर आठवतात, नाहीतर पिरवाडीचा किनारा. पण याच तालुक्यात जागतिक वारसा यादीतली लेणी आहेत, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं स्मारक आहे आणि १९८४ च्या शेतकरी लढ्याच्या खुणा आहेत. तिन्ही जागा सार्वजनिक आहेत. त्या पाहायला गाईड लागत नाही. पायात चप्पल नीट असावी आणि थांबून वाचायची सवय असावी, एवढं पुरतं.

१२ जानेवारी २०२४ ला खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली, त्याच दिवशी शिवडी ते चिर्ले हा अटल सेतूही खुला झाला. मोऱ्याची लाँच आणि करंज्याहून रेवसला जाणारी बोट पूर्वीपासून आहेच. बाहेरून येणं आता सोपं झालं आहे. आलेल्या माणसाला आणि इथल्याच पोरांना दाखवायचं काय, हा खरा प्रश्न आहे. एका दिवसात तिन्ही जागा उरकण्यापेक्षा तीन सुट्ट्यांना तीन फेऱ्या केलेल्या बऱ्या.

या तिन्ही फेऱ्यांना जोडणारा एक धागा आहे, तो म्हणजे नावं. एका जागी नाव असलेला दगडच हरवला. दुसऱ्या जागी नावं कोरून ठेवली आहेत. तिसऱ्या जागी ती आठवणारी माणसं अजून हयात आहेत.

पहिली फेरी: घारापुरी

घारापुरी हे बेट उरण तालुक्यात मोडतं, हे मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच पर्यटकांना माहीत नसतं. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. समुद्राखालून केबल टाकून इथं कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. जगभरचे लोक लेणी बघून संध्याकाळच्या बोटीनं परत जात होते, तेव्हा गावकरी जनरेटरवर रात्र काढत होते.

‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांचं. राजबंदराच्या बाजूला दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्यावरून त्यांनी ते ठेवलं. तो हत्ती आता बेटावर नाही. १८१४ च्या सुमारास त्याची मान कोसळली, १८६४ मध्ये तो हलवण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. ते मुंबईला नेऊन पुढे जोडण्यात आले. आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे बेटाला ज्याच्यामुळे परकं नाव पडलं, तोच बेटावर राहिला नाही. गावकरी मात्र आजही घारापुरीच म्हणतात.

धक्क्यावरून सुमारे १२० पायऱ्या चढल्या की पहिलं लेणं लागतं. ते बांधलेलं नाही, डोंगराच्या काळ्या दगडात कोरून काढलेलं आहे. अभ्यासक त्याचा काळ साधारण सहावं शतक धरतात. १९८७ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं.

आत शिरल्यावर धावत त्रिमूर्तीकडे जाण्याचा मोह होतो. तो आवरावा. उत्तरेच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला योगीश्वर आहे, उजव्या हाताला नटराज. एक स्थिर बसलेला, दुसरा नाचणारा. दोन्ही एकाच देवाची रूपं. मग खांबांच्या रांगेतून सरळ पुढे चालावं. समोरच्या भिंतीत अंधारातून हळूहळू उजळत येतो तो सदाशिव, सुमारे २० फूट उंच. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश समजतात. प्रत्यक्षात तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मधलं शांत, बघणाऱ्याच्या डावीकडचं उग्र आणि उजवीकडचं सौम्य, बाईसारखं. त्याच्या डावीकडच्या चौकटीत अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर. बाजूला चार दारांचा गाभारा आहे, आत शिवलिंग आणि प्रत्येक दाराशी राखण करणारे द्वारपाल.

यातल्या बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेले दिसतात. पण त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पोर्तुगीज इतिहासकार दिओगु दु कोतु यानं लिहून ठेवलं आहे, की लेण्याच्या दारावर एक कोरीव लेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिथं तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे तो दगडच नाहीसा झाला. त्यामुळे हे लेणं कुणी कोरवून घेतलं, याची लेखी साक्ष आज नाही. कलचुरी राजांच्या काळातलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात, तेही नाणी आणि शैली बघून. एक पाटी गेली आणि ज्यांनी पिढी खर्ची घातली त्यांची नावं गेली.

दुसरी फेरी: चिरनेर

नावं जपली तर काय होतं, ते बघायचं असेल तर चिरनेरला जावं. उरण शहरातून खोपट्याचा पूल ओलांडून कोप्रोलीमार्गे रस्ता आहे. पनवेलच्या बाजूनं येणाऱ्यांना दिघोडेमार्गे येता येतं. गावात पोहोचलं की गाडी ठेवून द्यावी, पुढचं पायीच बघावं.

सुरुवात महागणपतीच्या देवळापासून करता येते. मूर्ती भव्य आणि शेंदरी आहे. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नये. देवळातल्या एका लोखंडी गजावर बंदुकीच्या गोळीची खूण दाखवली जाते. सत्याग्रहातल्या गोळीबाराची ही आठवण. कुठल्याही शिल्पकारानं न घडवलेली, पण गावातली सगळ्यात बोलकी वस्तू हीच.

घडलं ते असं. १९२७ च्या वन कायद्यानं आणि त्याआधीच्या कायद्यांनी गावकऱ्यांच्या रोजच्या गरजा गुन्हा ठरवल्या होत्या. गवत, सरपण, गुरांचा चारा, सगळ्याला सरकारी परवानगी. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहापाठोपाठ महाराष्ट्रात जागोजागी जंगल सत्याग्रह झाले. यवतमाळकडे पुसद, सांगलीकडे बिळाशी आणि इकडे चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला आजूबाजूच्या गावांतले लोक अक्कादेवीच्या माळावर जमले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ सत्याग्रही गेले. त्या गोळीबारात मामलेदार जोशीही मारले गेले.

गावातल्या स्मारकापाशी आठ नावं वाचताना घाई करू नये. धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी, दोघं चिरनेरचे. रामा बामा कोळी मोठी जुईचे, आनंदा माया पाटील धाकटी जुईचे. रघुनाथ मोरेश्वर न्हावी कोप्रोलीचे. परशुराम रामा पाटील पाणदिव्याचे, हसुराम बुध्या पाटील खोपट्याचे आणि आलू बेमट्या म्हात्रे दिघोड्याचे.

आता हीच यादी पुन्हा वाचावी, या वेळी आडनावं आणि गावं बघत. कातकरी आहे, कोळी आहे, न्हावी आहे. पाटील, म्हात्रे ही इथल्या आगरी समाजात घरोघरी आढळणारी आडनावं. गावं सात. म्हणजे हा एका गावाचा किंवा एका जातीचा उठाव नव्हता. जंगलावर ज्याचं ज्याचं पोट होतं, तो तो आला होता. हे सांगायला लांबलचक भाषण लागत नाही, नावांची पाटी पुरते.

स्मारकाची इमारतही नीट बघण्यासारखी असते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, रायगडचेच बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, राज्यभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारकं बांधायचं ठरलं. ती ठरावीक नमुन्याची आहेत. म्हणून एका जिल्ह्यातलं स्मारक बघितलेल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यातलं लांबूनच ओळखू येतं. कल्पना अशी होती, की नुसता पुतळा उभा करायचा नाही, गावाला बसायला, वाचायला छप्पर द्यायचं. किती गावांनी त्याचा तसा वापर केला, हे ज्यानं त्यानं आपल्या जवळच्या स्मारकात जाऊन बघावं.

दरवर्षी २५ सप्टेंबरला इथं पोलीस हवेत फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात. एकेकाळी ज्या बंदुका माणसांवर रोखल्या, त्याच खात्याच्या बंदुका आज आभाळाकडे वळतात. तो दिवस चुकवू नये.

अंगात जोर असेल तर पुढे अक्कादेवीच्या डोंगराकडे जावं. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं, तेव्हा गावातल्या कुणाला तरी विचारूनच वर चढावं.

तिसरी फेरी: जासई आणि परिसर

चिरनेरचा लढा जंगलाचा होता, जासईचा जमिनीचा. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. मोबदला तुटपुंजा असल्यानं जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान भागात आणि दुसऱ्या दिवशी नवघरला पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ल्याचा एक, धुतूमचा एक आणि पागोट्याचे तीन शेतकरी मारले गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा शेतकऱ्याला परत देण्याचं धोरण या लढ्यातून पुढे आलं. आज पनवेल-उरण पट्ट्यात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उभ्या आहेत, त्यांचा पाया पाच जणांच्या मरणावर आहे.

ही फेरी पायी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जेएनपीटी १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या रस्त्यांवर कंटेनरची रांग असते. हमरस्त्याच्या कडेनं चालत जाऊ नये, लहान मुलांना घेऊन तर नाहीच. लोकलनं किंवा एसटीनं गावापर्यंत यावं आणि गावाच्या आतून चालत हुतात्म्यांच्या स्मारकापर्यंत जावं. उड्डाणपुलांमुळे या परिसराचा नकाशाच बदलला आहे. ज्या जागी माणसं पडली, तिथून आज गाडी काही सेकंदांत निघून जाते. नव्या माणसाला तिथं काय झालं याचा पत्ताही लागत नाही.

पण या जागेजवळ एक गोष्ट आहे, जी घारापुरीला नाही आणि चिरनेरलाही आता उरलेली नाही. १९८४ पाहिलेली माणसं अजून धुतूम, पागोटे, जासईत आहेत. पाराशी किंवा देवळाच्या ओट्यावर बसलेल्या कुणा काकांना नमस्कार करून ‘चौऱ्याऐंशीला तुम्ही कुठं होता?’ एवढंच विचारावं. पुढचं सगळं ते सांगतील.

ग्रामपंचायतींना करता येईल असं

या फेऱ्या कुणालाही आपल्या आपण करता याव्यात यासाठी फार पैसा लागणार नाही. एसटी थांब्यावर आणि रेल्वे स्टेशनाबाहेर स्मारकाकडे जायच्या वाटेची पाटी हवी. स्मारकावरची अक्षरं दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं रंगवायला हवीत. नावांखाली काय घडलं ते चार ओळींत, साध्या मराठीत लिहिलेलं हवं. शाळांनी सातवी-आठवीच्या पोरांना एकेका गावातली आठवण लिहून आणायला सांगितली, तर गावाजवळ स्वतःची नोंदवही तयार होईल.

निघण्याआधी

लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा घारापुरी दुसऱ्या दिवशी करावी. बोटीची वेळ बंदरावर विचारून घ्यावी, परतीच्या शेवटच्या बोटीची आधी. चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, सकाळी लवकर निघावं. पाणी सोबत ठेवावं, लेण्यातल्या आणि स्मारकातल्या कोरीव कामाला हात लावू नये.

महाशिवरात्र, २५ सप्टेंबर आणि १६-१७ जानेवारी या दिवशी या जागांवर गर्दी असते, भाषणं असतात. एरवी त्या शांत असतात. नावं निवांत वाचायची असतील तर तेच दिवस बरे.