तारेचे इंटरनेट अचानक बंद पडले तर

बाळकुममध्ये घरी बसून दुकानांचे हिशेब सांभाळणाऱ्याला महिन्याची २० तारीख चुकवून चालत नाही. जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकीत करावर व्याज. नेमके त्याच दिवशी संगणकाचे इंटरनेट गेले, तर आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर विवरणपत्र भरून मोकळे व्हावे, दुरुस्ती मागाहून.

मग संगणकामागे केबल शिरते तेथील दिवा पाहावा. दिवा विझलेला असेल तर दोष बहुधा केबल, खाच किंवा राउटरचा असतो. केबल राउटरच्या दुसऱ्या खाचेत लावावी, शेजाऱ्याची केबल मागून पाहावी. विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी आम्ही म्हणू, थांबा.

दिवा लागतो, पण इंटरनेट नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही, संगणकाने स्वतःच घेतला आहे. राउटर मिनिटभर बंद ठेवून सुरू करावा. पत्ता ठीक असून राउटरच्या वायफायवर मोबाईलही चालत नसेल, तरच कंपनीला फोन करावा.

पावसाळ्यात गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका येतो व केवळ नेटवर्कची खाच जळते. अशा वेळी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च करू नये. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर काही शेकड्यांत मिळतो. ढग गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही, केबलही उपसून ठेवावी.